झालं म्हणून लिही

लॉस एंजेलिस,
८ फेब्रुवारी १९२६

प्रिय अ‍ॅगी,

उभी असशील तर आधी खुर्चीवर बस. दुकान उघडलं! थर्ड स्ट्रीटवर, कोपऱ्यापासून दुसरं. काचेवर सोनेरी अक्षरांत 'थिओडोरा' एवढंच लिहिलंय. आडनाव नाही, आपल्या आडनावाने टोप्या खपायच्या नाहीत. खिडकीत तीनच टोप्या मांडल्यात: एक निळी, एक गवती आणि एक काळी, जाळीची. सकाळपासून बायका आत येतात, आरशासमोर मान वाकडी करून बघतात आणि नवी टोपी डोक्यावर घालूनच बाहेर पडतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुकानाच्या माडीवर बसून टोप्यांना फुलं टाचली, त्याचं चीज झालं. मी फार फार आभारी आहे.

नेब्रास्कात अजून बर्फ असेल. इथे संत्री झाडावर आहेत. तुझ्या टर्की पक्ष्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
डोरा

वेस्टरबर्ग, नेब्रास्का,
१७ फेब्रुवारी

प्रिय डोरा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अभिनंदन. आता सांग, छप्पर कुठे गळतं?

दुकान उघडलं आणि एकही तक्रार नाही? दार घासत नाही, शेजारी भांडत नाही, मालक म्हातारा आणि हलकट नाही? पाच वर्षांची असताना वडिलांनी तुला नवे बूट आणले, तर आनंद करायच्या आधी तू ते करकरतात म्हणून रडली होतीस. त्या मुलीच्या हातून असं गोड गोड पत्र उतरतं तेव्हा मला वाटतं, पाणी कुठेतरी मुरतंय. यात कुणी पुरुष आहे का? असेल तर त्याचं नाव लिही, आणि त्याच्या आईचंही.

शिवाय तुझ्या ओळी उताराला लागल्यात. शाळेत तुझ्या वहीवर बाई पट्टी ठेवून बघायच्या आणि एक रेघ वाकडी सापडायची नाही. मांडीवर कागद ठेवून लिहितेस की काय? दुकानात टेबल नाही?

रागावू नकोस. टर्कीची उत्तम पिसं निवडून, धुऊन, वाळवून दुकानाच्या पत्त्यावर पेटी पाठवली आहे. टोप्यांना लाव.

अगाथा

वेस्टरबर्ग,
१६ मार्च

डोरा,

पेटी परत आली. पोस्टमास्तर टॉलेफसन ती स्वतः घेऊन आला, म्हणजे माझा चेहरा कसा होतो ते त्याला जवळून बघता यावं. पेटीवर जांभळा शिक्का आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'असं दुकान इथे नाही. इथे न्हावी आहे.'

टॉलेफसनला म्हटलं, बहिणीने जागा बदलली असेल. तुझ्यासाठी मी गावच्या पोस्टमास्तरशी खोटं बोलले. आता तू माझ्याशी खरं बोल. सोनेरी अक्षरं कुणाच्या काचेवर आहेत? आणि माडीवरची नोकरी तरी आहे का?

मला राग आलाय, पण त्याहून जास्त भीती वाटते आहे. लगेच लिही.

अगाथा

लॉस एंजेलिस,
२४ मार्च

प्रिय अ‍ॅगी,

ते खोटं नव्हतं. हे पत्र भिंतीवर फेकायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

इथे मी गुरुवारच्या मंडळात जाते. मिसेस आर्डमोर म्हणून एक बाई ते चालवतात. त्यांचं सांगणं असं, की 'हवं' हा शब्द लिहायचाच नाही. हवं म्हटलं की आपल्याकडे नाही हे आपणच कबूल केलं, आणि मग ते नसणंच वाढतं. जे हवं ते झालं म्हणून लिहायचं आणि आभार मानून मोकळं व्हायचं. प्रत्येकीची एक आभारवही असते. त्याहून जोरकस म्हणजे आपल्या माणसाला पत्र, कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो आणि दोघांच्या विश्वासाने गोष्ट ओढली जाते. त्या माणसाला आम्ही साक्षीदार म्हणतो. मी तुला लिहिलं, कारण तुझ्यावाचून माझं आहे कोण? पण तू पिसं पाठवलीस आणि सगळं न्हाव्याच्या दारात नेऊन आपटलंस.

साक्षीदाराच्या शब्दाला मंडळात केवढा मान आहे ते सांगते. त्याने झालं म्हणून लिहिलेलं पत्र उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं, आणि एकदा वाचलं की त्याप्रमाणे वागायचं. मोडायचं नाही. मिस प्रुइटला भावाने लिहिलं, 'समुद्राजवळच्या खोलीत राहायला गेलीस, फार बरं झालं.' दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरली आणि गेली. आज तिथे खिडकीत बसून चहा पिते.

तू हसशील. तुझी पद्धत मला पाठ आहे. वडील पेरणीच्या आधी गाडीवर उभं राहून गारा, तांबेरा, मोडका आस अशी सगळी संकटं मोठ्याने म्हणायचे. तू तेच कागदावर करतेस. डाव्या बाजूला काय हवं, उजव्या बाजूला काय आडवं येईल. तुझ्या घरात पाण्याचा पंप आला तो त्याच कागदामुळे, मान्य. पण हॅल्व्हर्सनचं काय झालं? इतका भला माणूस तुला दर रविवारी चर्चमधून घरी सोडायचा. तू त्याच्या नावापुढे अकरा अडचणी लिहिल्यास, आणि बाराव्या अडचणीवर तुझा विचार चालू होता तोवर त्याचं लग्न झालं. तेव्हा माझ्या वहीला नावं ठेवू नकोस.

मोठी बातमी राहिलीच. माझे डोळे बरे झाले आहेत! ते दुखतात हे मी तुला लिहिलंच नव्हतं, कारण दुखणं लिहायचं नसतं. आता तर संध्याकाळी रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, आत निळं, बाहेर लाल. इतकं सुंदर, की मी फुटपाथवर थांबून बघत राहते. मिसेस आर्डमोरना सांगितलं, तर त्या चष्मा पुसत म्हणाल्या की ही खूण आहे, सगळ्यांना नाही दिसत.

आता माझ्यासाठी एवढं कर. एकच ओळ लिहून पाठव: 'डोरा, तुझे डोळे बरे झाले याचा मला आनंद आहे.' याच शब्दांत. मी गुरुवारी वाचेन.

डोरा

वेस्टरबर्ग,
२८ मार्च

प्रिय डोरा,

हॅल्व्हर्सनचं बोललीस ते लागलं. खरं आहे म्हणूनच लागलं. ती अकरा कारणं मी अजून धडाधड म्हणून दाखवू शकते, आणि त्यातलं एकही मोठं नव्हतं. माझा कागद मला पडण्यापासून वाचवतो आणि कधीकधी उठूही देत नाही. झालं समाधान?

आता माझं ऐक. तुझं पत्र मी डॉक्टर कुबिकना दाखवलं. हॅल्व्हर्सनचा भाग दुमडून. त्यांनी दिव्यांची ओळ वाचली आणि पाईप खाली ठेवला. ही खूण आहेच, म्हणाले, काचबिंदूची. डोळ्यात पाणी तुंबतं, आतल्या नसेवर दाब येतो, भुवई दुखते, दिव्यांना कडी दिसतात आणि कडेकडेची नजर जायला लागते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली शस्त्रक्रियेने वाचू शकते, पण आठवडे मोजायचे, महिने नाही. तुझ्याच शहरात डॉक्टर रेनफ्रू म्हणून आहेत, डॉक्टर कुबिक त्यांच्या हाताखाली शिकले. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. उद्या जा.

ती ओळ मी लिहिणार नाही. तुझे डोळे बरे झालेले नाहीत. ज्या दिवशी होतील त्या दिवशी चर्चची घंटा मी स्वतः वाजवीन.

आणि एक विचारते. विश्वासाने डोळे बरे होतात, तर मिसेस आर्डमोर चष्मा कशाला लावतात?

अगाथा

लॉस एंजेलिस,
५ एप्रिल

अगाथा,

तुझा प्रश्न मी मंडळात विचारला. मिसेस आर्डमोर म्हणाल्या, चष्मा समोरच्यांसाठी आहे, नाहीतर त्यांची नजर लोकांना सहन व्हायची नाही. काही जणी हसल्या. मी नाही हसले.

त्यांनी असंही सांगितलं, की जो साक्षीदार शंका घेतो तो आपण बांधलेलं पाडतो, आणि अशांशी पत्रव्यवहार बंद करावा. मी बरी आहे. सोमवारी आभारवहीची तिसरी वही सुरू केली. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे आजार आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगणं, ते मी करणार नाही. 'जा', 'कर', 'हो' असलं काही लिहून पाठवलंस तर ते पत्र मी मधेच मिटून ठेवीन. झालं म्हणून लिहायचं असेल तरच लिही.

थिओडोरा

वेस्टरबर्ग,
११ एप्रिल

प्रिय डोरा,

तुझी साक्षीदार म्हणून हे लिहिते आहे. सगळं झालं म्हणून लिहिते आहे. मंडळात उभी राहून मोठ्याने वाच, एक शब्दही गाळू नकोस.

मंगळवारी, वीस तारखेला, सकाळी तू डॉक्टर रेनफ्रूंकडे गेलीस याचा मला फार आनंद झाला. राखाडी कोट घातलास, ते बरं केलंस, तिथले जिने गार होते. मिसेस आर्डमोर स्वतः तुझ्याबरोबर आल्या, ट्राममध्ये तुझा हात धरून बसल्या आणि तुला दारात सोडून पळाल्या नाहीत. त्यांचे मी विशेष आभार मानते. मंडळातल्या सगळ्या बायकांदेखत त्यांनी हो म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा.

डॉक्टरांनी तुझे डोळे तपासले आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. तू घाबरलीस, पण उठून आली नाहीस. पट्टी होती तेवढे दिवस नर्सने तुला भरवलं आणि तू तिच्या रश्श्याला नावं ठेवलीस. मग पट्टी निघाली. दोन्ही डोळे वाचले, डोरा. दोन्ही. त्याबद्दल मी आभारी आहे, मी गुडघे टेकून आभारी आहे.

हे सगळं झालं याचा आनंद होऊन मी इथे स्वयंपाकघरात बसून रडले. एवढं एक आधीच झालेलं आहे.

तुझी बहीण आणि साक्षीदार,
अगाथा

लॉस एंजेलिस,
२८ एप्रिल

प्रिय अगाथा,

शस्त्रक्रिया झाली. सगळं उत्तम आहे. दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. कसलाही त्रास नाही. मी फार आभारी आहे.

थिओडोरा

वेस्टरबर्ग,
३ मे

डोरा,

हे कोणतं 'झालं' आहे?

अक्षर तुझं नाही. सही तेवढी तुझी वाटते, तीही कुणीतरी बोट ठेवून जागा दाखवल्यासारखी. पाच ओळी आणि सगळं उत्तम. कुणाच्याही डोळ्याला कात्री लावली तर आठ दिवसांत सगळं उत्तम होत नाही. मी काय करून बसले आहे ते मला आज कळतंय. तुझी भाषा तुझ्यावर उलटवली आणि मी हुशार आहे असं समजून चार दिवस मिरवत होते. आता तू त्याच भाषेत उत्तर देतेस आणि तू दवाखान्यात आहेस की खोलीत पडदे लावून बसली आहेस, हेही मला ओळखता येत नाही.

तुझ्या प्रत्येक चांगल्या शब्दाचा मला संशय येतो. स्वतःच्या बहिणीबद्दल असं वाटणं ही फार वाईट गोष्ट आहे, डोरा. टॉलेफसन पत्र घेऊन येतो तेव्हा मी आधी पाकीट उजेडात धरून बघते.

मला एक तरी वाईट गोष्ट लिही. पट्टी खाजते म्हण. मला शिव्या दे. पण स्वतःच्या हाताने लिही.

अगाथा

लॉस एंजेलिस,
१२ मे

अ‍ॅगी,

पेन्सिलीने लिहिते आहे, मोठ्या अक्षरात, म्हणून कागद फार लागतील. मधे विश्रांती घ्यावी लागते.

गुरुवारी तुझं पत्र वाचायला उभी राहिले. पण मला ते वाचताच येईना, अक्षरं धुक्यात गेली होती. मिसेस आर्डमोरनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. स्वतःचं नाव आलं तिथे त्या थांबल्या. अख्खं मंडळ त्यांच्याकडे बघत होतं. मिस प्रुइट म्हणाली, पुढे वाचा ना. मग त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. साक्षीदाराचं पत्र, आणि नियम त्यांचाच. काय करणार?

मंगळवारी त्या खरंच आल्या. ट्राममध्ये त्यांनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांची आई आंधळी होऊन गेली, हे त्यांनी मला तिथे सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणाल्या. मी तुला सांगते आहे. शस्त्रक्रियेनंतरचं ते पहिलं पत्र त्यांनीच लिहिलं, पट्टीतून मी फक्त सही केली. पट्टी काढायच्या आधीच त्यांनी दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं असं लिहून टाकलं होतं.

डावा गेला. डॉक्टर रेनफ्रू म्हणाले, तो जानेवारीतच गेलेला होता. मलाही ते ठाऊक होतं. माडीवर काळ्या टोपीला काळी फीत शिवताना मी स्वतःची बाही टोपीला शिवून टाकली, सगळ्या पोरी हसल्या, आणि शनिवारी मला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात मी तुला दुकान उघडल्याचं पत्र लिहिलं.

उजवा वाचला आहे. नळकांड्यातून बघावं तेवढं दिसतं, कडेचं नाही. नर्स समोर आली की दिसते, बाजूला सरकली की नाहीशी होते. बारीक शिवण आता कधीच नाही. पट्टी खाजत होती. रस्सा पाणचट होता.

मी एक गोष्ट तुला माफ करू शकत नाही. तू दोन्ही लिहिलं होतंस. 'दोन्ही वाचले, डोरा. दोन्ही.' मंडळातल्या बायकांचं मी सोडून देईन, त्या सगळ्यांनाच सगळं छान लिहितात. पण तू कधी काही चांगलं लिहीत नाहीस, अ‍ॅगी. तुझ्या हातून 'दोन्ही' आलं म्हणजे ते असणारच, असं मला वाटलं. पट्टी निघाली तेव्हा उजव्याने दिसत होतं, तरी मी तो हाताने झाकला आणि डाव्याने बघायला लागले. डॉक्टर नको नको म्हणत होते आणि मी तशीच बघत बसले, आत्ता दिसेल, आत्ता दिसेल म्हणून.

डोरा

वेस्टरबर्ग,
१६ मे

प्रिय डोरा,

डावा गेला हे वाचलं आणि या खेपेला मला एकही शंका आली नाही. अर्ध्याबद्दल आगाऊ आभार कुणी मानत नाही. तुझं पत्र खरं आहे हे मला त्या ओळीला कळलं, आणि ते खोटं असावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

आता माझं ऐक. डॉक्टर कुबिक त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलले होते. कडी रोज दिसायला लागली असतील, तर दोनांतला एक बहुधा गेलेलाच असेल, म्हणाले. ते मी तुला लिहिलं नाही. आणि पुढे 'दोन्ही' लिहिलं. एक वाचला असं लिहिलं असतं तर तू गेली नसतीस, असं मी स्वतःला सांगते. पण ते पुरतं खरं नाही. पेन हातात होतं, तू झालं म्हणून लिहायला सांगितलं होतंस, आणि लिहिता लिहिता मला वाटायला लागलं की मी लिहीन ते होईल. तेवढा वेळ मीही तुझ्या मंडळात होते. तुला काय गोडी लागली ते मला तेव्हा समजलं. त्यानंतर मी तुला मूर्ख म्हटलेलं नाही, मनातसुद्धा.

माफ कर असं म्हणत नाही. तुझ्या सवडीने बघ.

मिसेस आर्डमोरना सांग की चष्म्याबद्दल बोलले ते मी परत घेते. बाकीचं घेत नाही.

टर्की टॉलेफसनच्या बहिणीकडे सोपवल्या आहेत. तिला पाखरांतलं ओ की ठो कळत नाही, निम्म्या मरतील, मरू देत. माझी गाडी सोमवारी, चोवीस तारखेला, दुपारी तुझ्या स्टेशनात येते. उशीर होईल, या गाडीला होतोच. तू एकटी येऊ नकोस, मिस प्रुइटला आण, नाहीतर मिसेस आर्डमोरना. गर्दीत मला शोधत फिरू नकोस. घड्याळाखाली भिंतीला पाठ लावून उभी राहा आणि सरळ समोर बघ. मी बाजूने हाक मारणार नाही. तुझ्या समोर येऊन उभी राहीन.

अ‍ॅगी